शेवट फोडणारी माणसं

रहस्यपट चार माणसांत बसून पाहू नये, आणि गावात तर मुळीच पाहू नये, असं माझं कित्येक वर्षं पक्कं मत होतं. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. इथे सिनेमा लागला की शेजारचा माणूस सांगायला लागतो, "आता हा मरतोय बघ." मारेकरी मागून आला की बायका पडद्यावरच्या माणसाला हाका मारून सावध करतात. ज्याने सिनेमा आधी पाहिलाय तो गप्प बसत नाही, आणि त्याला कुणी गप्प बस म्हणतही नाही. पुण्यातल्या मित्रांत बसून मी एकदा म्हणालो होतो की या लोकांना गोष्ट कळते, पण गोष्टीतला डाव कळत नाही. हे वाक्य आज लिहिताना मला लाज वाटते. 'या लोकांत' माझे चुलते होते, काकू होती, मला वाढवणारं अख्खं घर होतं.

हे मत आलं कुठून? बरंचसं वाचनातून. शाळेत असताना बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड मी अधाशासारखे वाचायचो. वाचनालयातल्या एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, तो राग पुढे अनेक वर्षं टिकला. मग कळलं की लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' 1952 पासून चालू आहे आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. हिचकॉकने 1960 साली 'सायको'च्या वेळी खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला होता. ही दोन उदाहरणं मी घरच्यांना कितीदा ऐकवली असतील! रसिकता म्हणजे शेवट न कळू देणं, एवढा माझा हिशेब पक्का झाला होता.

खरं तर मी ज्या मुलखात वाढलो तिथे मला वेगळं काही समजायला हवं होतं. नारायणगाव आम्हाला जवळच. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी ठरवायला जातात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. आमच्याकडे यात्रेत दिवसा बैलगाडा, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, हा क्रम ठरलेला. गण, गवळण, बतावणी झाली की रात्र चढल्यावर वग लागायचा. त्यात खून असायचे, सूड असायचा, खोटी साक्ष असायची. तोच वग लोकांनी मागच्या वर्षी शेजारच्या गावात पाहिलेला असायचा, तरी कुणी उठून जायचं नाही. उलट पेंगणाऱ्याला हलवून जागं करायचे, "ऊठ, आता कोर्ट लागतंय." मी ते पाहत होतो, आणि तमाशाची गोष्ट वेगळी, रहस्यकथेची वेगळी, अशी वाटणी मनात करून मोकळा होत होतो. माझ्या आईने राजा परांजपे यांचा 1964 चा 'पाठलाग' पाहिला होता आणि दोन वर्षांनी त्याच गोष्टीवरून आलेला हिंदी 'मेरा साया'ही तितक्याच हौसेने पाहिला. सगळं माहीत असताना दुसऱ्यांदा काय पाहिलंस, असं तिला विचारायचं मला कधी सुचलं नाही.

'दृश्यम' 31 जुलै 2015 ला आला. निशिकांत कामत यांचा म्हणून मी लगेच पुण्यात जाऊन पाहिला. मूळ मल्याळम चित्रपट जितू जोसेफ यांचा, 2013 चा, मोहनलालचा. हिंदी येईपर्यंत कन्नड, तेलुगू आणि तमिळमध्येही तो होऊन गेला होता, म्हणजे शेवट लाखो लोकांना ठाऊक होता. मला नव्हता आणि तो कळू नये म्हणून मी फार जपलो होतो. गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर, चौथी नापास. त्याच्या बायको-मुलींच्या हातून एक मुलगा मरतो आणि तो मुलगा पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा निघतो. विजय प्रेत लपवतो. मग 2 ऑक्टोबरला आपण सगळे पणजीला सत्संगाला गेलो होतो अशी गोष्ट रचतो. बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, सिनेमाचं तिकीट, पावभाजी असा सगळा पुरावा उभा करतो आणि बायको-मुलींकडून ती गोष्ट घोकून घेतो. प्रेत कुठे आहे ते अगदी शेवटी कळतं. नव्या पोलीस ठाण्याचं बांधकाम चालू असताना त्याच्याच जमिनीखाली पुरलेलं. पुण्यातल्या थेटरात तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाहेर पडताना म्हणालो, "काय डोकं आहे!" त्यापलीकडे माझ्या मनात काही उरलं नाही.

पुढच्या वर्षी गणपतीत गावच्या मंडळाने चौकात पडदा लावून हाच सिनेमा दाखवला. ताडपत्रीवर बायका-पोरं, मागे खुर्च्यांवर म्हातारी माणसं, पार कठड्यापर्यंत गर्दी. थोरल्या चुलत्यांना आम्ही तात्या म्हणतो. ते खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी. निम्मा सिनेमाही झाला नव्हता आणि पुढून एक पोरगा ओरडला, "मढं पोलीस ठान्यातच हाय रं!" मी तिरमिरून उठलो. त्या पोराला चार शब्द सुनवायला निघालो, तेवढ्यात तात्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "राहू दे. बरं झालं सांगितलं," म्हणाले. मला वाटलं, पोराची बाजू घेतायत.

त्यानंतर मी पडद्यापेक्षा लोकांकडेच जास्त पाहिलं. शेवट कळल्यावर कुणाचंही लक्ष उडालं नव्हतं. उलट जो तो पुढे सरकून बसला होता. सिनेमातला पोलीस गायतोंडे विजयच्या घरात शिरला, चौकशी सुरू झाली, तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, तशी गर्दी मुकी झाली. धाकट्या मुलीवर हात पडला तेव्हा ताडपत्रीवरून बायकांचा आवाज उठला. पुढे लोकांनी गायतोंडेला धरून बडवला आणि चौकात शिट्ट्या सुरू झाल्या, "मार, आणखी मार!" पुण्यात असल्या शिट्ट्या ऐकून मी नाक मुरडलं असतं. इथे शेजारी तात्या हूं की चूं न करता बसले होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

तात्यांना एकदा पोलिसांनी धरून नेलं होतं. मी लहान होतो. नदीवरच्या विजेच्या मोटारी चोरीला जात होत्या, कुणीतरी तात्यांचं नाव घेतलं, आणि त्यांना एका चौकीत बसवून ठेवलं. पुढे खरे चोर सापडले, तात्या घरी आले. आमच्या घरात ही गोष्ट 'ते मोटारीचं झालं होतं तेव्हा' एवढ्यातच संपायची. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. खरं म्हणजे मी ते विसरलोच होतो. रहस्यकथांमध्ये चौकशीचे शेकडो प्रसंग वाचणाऱ्या मला, आपल्या घरातला एक माणूस त्यातून गेलाय, याची आठवण एकाही पानावर झाली नाही.

शेवटी विजय नव्या ठाण्यात सही करायला येतो. काय दिसणार ते सगळ्यांना माहीत होतं. तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले. मागचे ओरडले, तरी बसले नाहीत. पडद्यावर तो अर्धवट बांधलेल्या ठाण्यात फावडं घेऊन उभा दिसला तेव्हा ते म्हणाले, "रोज त्याच्यावरनं चालत जात्यात. रोज."

ते माझ्याशी बोलत नव्हते. त्या एका वाक्यापाशी माझा हिशेब कोसळला. पुण्यात मला जी जागा नुसती चलाखीची वाटली होती, ती या माणसासाठी फेड होती. पोराने शेवट फोडल्यामुळे ही फेड त्यांना दोन मिनिटं मिळण्याऐवजी तासभर मिळाली होती. पडद्यावरच्या प्रत्येक थपडेला त्यांना ठाऊक होतं की उद्या हेच लोक कशावर पाय ठेवून चालणार आहेत. 'बरं झालं सांगितलं' याचा अर्थ मला तेव्हा कळला. हिचकॉकनेही हेच सांगून ठेवलंय: टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं तर तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसतो, न कळला तर फक्त एकदा दचकतो. ते मी वाचलं होतं. पण माझ्या सोयीचा, दार बंद करणारा हिचकॉक तेवढा मी लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चहा घेताना मी धीर करून विचारलं, "तात्या, त्या वेळी काय झालं होतं?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी खरं तेच सांगत व्हतो. पन त्यांनी परत इचारलं की माझंच मला येगळं याचं. कवा निघालो, कोन भेटलं, मागं-पुढं व्हायचं. मग म्हनायचे, खोटं बोलतो. त्या पोरींचं पाठ व्हतं, म्हून टिकल्या." एवढंच. मला वाटतं, 'दृश्यम'चं मर्म इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. खरी आठवण प्रत्येक वेळी थोडी हलते आणि रचलेली गोष्ट घोकल्यामुळे पक्की राहते, हेच तर विजयला उमगलेलं असतं. या लोकांना डाव कळत नाही, असं मी म्हणालो होतो. आमच्यात तो कळलेला माणूस एकच होता आणि त्याची किंमत त्याने मोजली होती.

काकूचं मात्र तात्यांशी पटलं नाही. शिट्ट्या वाजत होत्या तेव्हा तीही हसत होती. पण मुलाचे आईबाप विजयला भेटायला येतात, आमचा मुलगा आहे की नाही एवढंच सांग म्हणतात, तिथे ती थांबली. "पोरगं वंगाळ व्हतं, मान्य," ती म्हणाली, "पन आईला मढं तरी द्यायला पायजे व्हतं. ती काय रोज वाट बघंल का नाय?" तात्या काही बोलले नाहीत. मी या प्रश्नावर अडकलो, कारण पुण्यात मीराबाईंचा हा प्रसंग चालू असताना माझं सगळं लक्ष 'आता प्रेत कुठे ते कळणार' याकडे होतं. एक आई रडत होती आणि मी घड्याळाकडे बघत बसलो होतो. गुपिताची एवढी ओढ माणसाला कठोर करते, हे मी स्वतःवरून सांगतो.

नंतर सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2011 चा अभ्यास वाचनात आला. शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना कमी आवडायच्या सोडून थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. पुढच्या काही अभ्यासांत उलटंही निघालं. वाद चालू राहील. न कळता बसणाऱ्या धक्क्याची मजा मलाही हवीच असते, ती खोटी नाही. पण ती मजा म्हणजे रसिकता आणि बाकीचं अडाणीपण, ही माझी समजूत निव्वळ घमेंड होती. शिकलो, पुण्यात राहिलो, काळोखात गप्प बसायला शिकलो, म्हणून मी स्वतःला चांगला प्रेक्षक समजत होतो.

'दृश्यम 2' 18 नोव्हेंबर 2022 ला आला. निशिकांत कामत त्याआधीच, ऑगस्ट 2020 मध्ये गेले होते. दिग्दर्शन अभिषेक पाठक यांचं. काकू तेव्हा भोसरीला लेकीकडे होती, तिने तो माझ्याआधी पाहिला. रात्री तिचा फोन आला. "तुला शेवट सांगू का?" पूर्वी मी फोन ठेवला असता. "सांग," म्हणालो. "दिल्या रं तिला," काकू म्हणाली, "पोराच्या अस्थी दिल्या आईला." तिचा आवाज भरून आला होता. मग तिने सगळी गोष्ट उलटसुलट सांगितली, आधी शेवट, मग मधलं, मग सुरुवात, आणि मी मध्ये प्रश्न विचारत राहिलो. तात्यांना मी चला म्हणालो होतो. ते आले नाहीत. मी पाहून आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "ठान्याची फरशी उचकाटली का?" मी हो म्हणालो. "कुनी? त्यांनीच?" "त्यांनीच."