नफ्याने दिलेलं शेत

मी नोकरीमुळे नाशिकला असतो. बोदवडजवळचं आमचं पाच एकर कोरडवाहू रान नाना खंडाने करतात. खंडाने देण्याला आमच्याकडे 'नफ्याने देणं' म्हणतात. हा शब्द मालकांनीच रूढ केला असणार, कारण नफा नक्की असतो तो त्यांचाच. एकरी नऊ हजार. निम्मे आखाजीला रोख, निम्मे कापूस विकल्यावर. कागद नाही. आजोबांची तीन एकर काळी १९५७ साली कूळकायद्यात गेली, तेव्हापासून घराचा नियम एकच: जमीन द्यायची, पण लिहून काही द्यायचं नाही.

२०२३ च्या ऑगस्टात गावी गेलो तेव्हा ई-पीक पाहणी चालू होती. नानांनी बंडीच्या खिशातून तडा गेलेला मोबाइल काढला. खातेदार म्हणून आईचं नाव निवडलं. गट नंबर टाकला, पीक कपाशी, १ हेक्टर ४० आर. उरलेल्या तुकड्यात तूर होती. लागवडीची तारीख त्यांना आठवावीसुद्धा लागली नाही. मग सरीत उतरून त्यांनी फोटो काढला. गुडघ्याच्या वर आलेली कपाशी, आणि तिच्यावर पडलेली नानांची आडवी सावली. त्या अख्ख्या नोंदीत नाना होते ते तेवढेच.

त्या हंगामाच्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस वाटप सुरू झालं आणि पुढे आईच्या खात्यात ७,००० पडले. पीएम किसानचे वर्षाला ६,००० तिला आधीपासून मिळतात, २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेचे आणखी ६,०००. आई त्यातून गुडघ्याची औषधं आणते, नातीला फ्रॉक घेते. तिने शेवटची निंदणी कधी केली ते तिलाही सांगता येणार नाही.

नानांपर्यंत सरळ पोचतं ते एवढंच, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. तिथे अंगठा लागतो, सातबारा नाही. हमीभावाचं मात्र तसं नाही. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये होता, पण सीसीआयला घालायचा तर पीकपेऱ्याचा उतारा लागणार आईचा, आणि पैसे जाणार तिच्याच खात्यात. त्यापेक्षा नाना दारात काटा घेऊन येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळे होतात.

२०२५ च्या आखाजीला ते नफा द्यायला आले. साडेबावीस हजार मोजून ठेवले आणि हात गुडघ्यावर तसेच धरून म्हणाले, "भाऊ, बोंडं सडली ती माह्या वाट्याची, अन् सरकारचे पैसे वहिनीच्या वाट्याचे. हे कोनतं गणित?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. हे पैसे नानांच्या नावावर आले असते, तर पुढच्या वर्षी मीच एकरी नफा वाढवून मागितला असता. बॅरेट किर्वान या अर्थशास्त्रज्ञाने २००९ मध्ये अमेरिकेचा हिशेब मांडला होता: कसणाऱ्याला मिळालेल्या अनुदानाच्या दर डॉलरमागे साधारण पाव डॉलर खंड वाढून मालकाकडे जातो. तिथे निदान पैसा आधी कसणाऱ्याच्या हातात पडतो. आमच्याकडे तो आधीच वरच्या पायरीवर असतो, आणि त्यातला पाव हिस्सा खाली आणायचा तर नानांना आमच्या ओट्यावर येऊन बोलावं लागतं.

आई आतून म्हणाली, "शेजारच्या आळीतला एकजण एकरी अकरा द्यायला तयार आहे." खोटं नव्हतं ते. नानांनी ऐकलं आणि नोटांची गड्डी उगाच सरळ केली.

शेवटी ठरलं असं: नफा नऊच. पीएम किसान आणि नमोचे पैसे आईचे. पिकाच्या नावाने, हेक्टरावर जे येईल, मदत असो की विमा, त्यातलं निम्मं नानांचं. मागचे ७,००० होते त्यातले साडेतीन हजार मी तिथेच त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी मोजले नाहीत.

चहा झाला. निघताना नाना म्हणाले, "यंदाचा फोटो बी मीच काढतो, तुम्ही नका येऊ." मी हो म्हटलं. निम्म्याचं जे ठरलं होतं, तेही आम्ही कुठे लिहून ठेवलं नाही.