ध्रुपदाचे बिऱ्हाड

मराठी गीतसंग्रहात गीताच्या पहिल्या ओळींपाशी दोन दंडांच्या मध्ये ‘धृ.’ असे जे अक्षर छापलेले असते, ते ध्रुवपदाचे, म्हणजे दर कडव्यानंतर परतून येणाऱ्या ओळीचे चिन्ह होय. बोलीत त्यालाच ध्रुपद म्हणतात, आणि शास्त्रीय गायनातल्या त्याच नावाच्या प्रकाराशी त्याचा येथे संबंध नाही. कडवे ज्याला पाठ असेल त्याने म्हणावे आणि ध्रुपद सर्वांनी उचलावे, ही वाटणी कीर्तनात, भजनात आणि घरच्या आरतीतही इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला कोणी नियम म्हणत नाही. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात रविवारी भाड्याच्या सभागृहात एखादा फोक-रॉक बँड भक्तीचे संगीत वाजवू लागतो, तेव्हा मराठी ख्रिस्ती कान नकळत हीच वाटणी शोधत असतो.

नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसाला ध्रुपद अक्षरांच्या आधी भेटते. आईच्या मांडीवर संध्याकाळच्या प्रार्थनेत ते कानावर पडते, शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, ते घोकून घेतले जाते, आणि ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह हाती येतो तोवर त्यातली निम्मी ध्रुपदे पाठ असतात, कडवी मात्र पुस्तकात पाहून म्हणावी लागतात. त्या संग्रहात इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते आहेत आणि देशी राग-तालांतलीही आहेत. पहिल्या प्रकाराला पेटीचे संथ सूर पुरतात, दुसऱ्याला तबला आणि झांज लागते, आणि मंडळीचा आवाज कुठे मोकळा होतो हे झांज सुरू झाली की कळते. तारुण्यात तरुण संघाची गिटार येते आणि ‘कोरस’ नावाची छोटी गीते येतात, जी खरे पाहता कडव्यांवाचूनची नुसती ध्रुपदेच असतात. दफनविधीत वाद्य नसले तरी अडत नाही; कबरीपाशी कोणीतरी ध्रुपद उचलतो आणि बाकीचे त्याला मिळतात.

लोकांची चाल उपासनेत आणण्याचा हा उद्योग मराठीत चारशे वर्षांचा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये राचोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापलेला असला तरी त्याचा छंद जात्यावरून आणि पोथीतून मराठी माणसाच्या ओळखीचा होता. त्याची विसाव्या शतकातली पहिली आवृत्ती 1907 मध्ये मंगळूरला निघाली, तेव्हा कर्नाटकाच्या भूमीला मराठी ख्रिस्ती गाणे परके आहे असे म्हणता येत नाही. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग हाच आपला मुख्य उपासनाछंद केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनशी असलेला संबंध सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ‘स्वतंत्र’ हा शब्द आजचे बँड ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने टिळक तेव्हा स्वतंत्र होते, फक्त त्यांच्याकडे विकायला अल्बम नव्हता.

बँडच्या संदर्भात स्वतंत्र म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीशी करार नसलेला, स्वतःची गाणी स्वतःच्या खर्चाने काढणारा. आणि फोक-रॉक म्हणजे लोकगीतांची वाद्ये व साधी चालरचना रॉकच्या ठेक्यावर बसवणारी शैली, जी 1960च्या दशकात अमेरिकेत नावारूपाला आली. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जीझस चळवळीतल्या हिप्पी तरुणांनी गिटार प्रार्थनेत नेली, आणि 1971 मध्ये निघालेल्या ‘मारानाथा! म्युझिक’ने ती गाणी इतर मंडळ्यांपर्यंत पोचवली. अलीकडे उत्तर आयर्लंडमधल्या बँगोरचा ‘रेंड कलेक्टिव्ह’ हा बँड बँजो आणि मॅन्डोलिन घेऊन याच वाटेने गेला. गंमत अशी की त्याच बँगोरच्या मठातून सातव्या शतकाच्या अखेरची एक लॅटिन गीतपोथी आली असून ती मिलानच्या ग्रंथालयात आहे, आणि तिला ‘अँटिफोनरी’ म्हणतात. अँटिफोन म्हणजे स्तोत्राच्या आगेमागे सर्वांनी म्हणायची ओळ. नगरकर त्याला ‘धृ.’ म्हणाला असता.

खुद्द बेंगळुरूतही लोकांची रीत उपासनेत आणण्याचा प्रश्न नवा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर फादर अमलोर्पवदास यांनी येथे कॅथलिकांचे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र उभारले, आणि 1969 मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी ज्या बारा गोष्टींना मान्यता दिली, त्यांत जमिनीवर बसणे आणि आरती होती. बेंगळुरूबाहेर, 2000च्या सुमारास, ‘आराधना’ या बँडने सतार आणि गिटार जोडून येशूभजने गाइली, आणि त्या गाण्यांत ध्रुपदाला भजनासारखे पुन्हापुन्हा घोळवायला वेळ दिलेला होता.

बेळ्ळंदूरची अडचण वेगळी आहे. विषारी फेस आणि आग यांसाठी गाजलेल्या तलावाच्या आणि रिंग रोडच्या मध्ये वसलेल्या या संगणक-वसाहतीत मंडळी दहा भाषांची असते, म्हणून गाणे इंग्रजीत होते, आणि ते बव्हंशी उंच गळ्याच्या गायकाच्या सोयीने होते. गिटारच्या मानेवर बसवायचा जो कापो नावाचा चिमटा असतो, तो तारांचा सूर फक्त चढवतो, उतरवू शकत नाही. काळी एकमध्ये म्हणणाऱ्या माणसाची पट्टी मागे राहते आणि तो ऐकणारा होऊन बसतो. गिटारला किंवा ड्रमला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पेटीही एके काळी परदेशीच होती. ध्रुपद उचलायला जागा ठेवली आहे का, एवढेच पाहायचे. चांगला बँड ती ठेवतो. शेवटच्या फेरीला तो सारी वाद्ये थांबवतो, गायक ध्वनिक्षेपकापासून मागे सरतो, आणि मुलाकडे महिनाभर राहायला आलेल्या नगरच्या वडिलांना इंग्रजी कडवे कळलेले नसले तरी तिसऱ्या वेळी ती ओळ सापडते, खालच्या सप्तकात, आणि गुडघ्यावर बोटे ठेका धरू लागतात. समोरच्या पडद्यावर त्या ओळीपुढे ‘कोरस’ असे लिहिलेले असते.