ई-बुक रीडर, अक्षराला वेळ दे

प्रिय ई-बुक रीडर,

आमच्या अकोले तालुक्यात तुझी गाठ पडते ती बहुतेक मोबाइलवर. हरिश्चंद्रगडावरची एखादी पीडीएफ उघडावी, तर ए-फोर आकाराचं पान त्या टीचभर काचेत कोंबलेलं असतं. एक ओळ वाचायला पान दोनदा इकडून तिकडे ओढावं लागतं. पीडीएफ १९९३ साली आली तीच मुळी पान कुठेही जसंच्या तसं दिसावं म्हणून. उलट ईपब या फाइल-प्रकारात मजकूर मोकळा असतो. अक्षर मोठं केलं की तू ओळी नव्याने लावतोस. चष्म्याचा नंबर वाढलेल्यांसाठी मी ईपबच्याच बाजूने आहे.

मात्र तिथेच तुझी खरी परीक्षा असते. 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द घे. त्यातला अर्धा र फाइलमध्ये दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: एक तर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. फाइलचं रूपांतर करताना ती खूण निरुपयोगी समजून गाळली गेली की उरतं 'दर्याखोर्या'. कळसूबाईच्या पायथ्याशी दर्या येतो आणि 'शेतकऱ्यांचा' हा शब्द 'शेतकर्यांचा' होतो. शिकत्या पोरांच्या डोळ्यांत हेच रूप बसलं तर ते पुसणार कोण? अक्षरांचे आकार नीट घडवणारी हार्फबझ ही सॉफ्टवेअर लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. तिला लागणारा वेळ लागू दे, पण आमचं जोडाक्षर मोडू नकोस.

पानांच्या आकड्यांचंही तसंच. केओरीडर या वाचन-ॲपमधलं सीआरइंजिन ईपब उघडताना सबंध पुस्तक मांडून घेतं. जाड पुस्तक पहिल्यांदा उघडताना थांबावं लागतं, अक्षराचा आकार बदलला की मांडणी पुन्हा करावी लागते, पण पानांचा हिशेब पक्का असतो. दुसरी रीत म्हणजे लागेल तेवढंच प्रकरण मांडायचं. पुस्तक झटकन उघडतं; पुढे किती पानं आहेत, हा मात्र अंदाज राहतो. मला पहिली रीत पटते, कारण एकदा केलेली मांडणी साठवून पुन्हा वापरता येते. तरीही चौघे मिळून वाचायला बसले की प्रत्येकाच्या मोबाइलवर सत्त्याऐंशीवं पान वेगळंच निघतं. ईपब ३ मध्ये छापील प्रतीची पानं कुठे सुरू होतात, याची यादी देण्याची सोय आहे. प्रकाशकाने ती दिली असेल तर समासात तेच आकडे दाखव, म्हणजे ग्रंथालयातली प्रत घेऊन बसलेल्यालाही आमच्यासोबत वाचता येईल.

आणखी एक. युनिकोडच्या आधीच्या फाँटात जुळवलेल्या कितीतरी मराठी पीडीएफ अजून हातोहात फिरतात. डोळ्यांना मराठी दिसतं, आत भलतेच कोड असतात. तिथे 'प्रवरा' हे नदीचं नाव शोधलं तर 'सापडलं नाही' म्हणू नकोस; 'या फाइलमध्ये शोधता येत नाही' असं स्पष्ट सांग. नाहीतर या पुस्तकात प्रवरेबद्दल काही नाहीच, असं समजून माणूस ते बंद करतो.

तुझा,
अकोल्यातला एक वाचक