साठ घोड्यांची जीप

मुलांनो, सगळ्यात ताकदवान गाडी कोणती? माझ्या चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत यावरून रोज वाद होतो. ज्याची गाडी जास्त जोरात पळते, तो जिंकतो! तुमचंही तसंच असेल, नाही का? मग आज एका वेगळ्याच गाडीची गोष्ट ऐका.

अमेरिकेत काही मोटारींना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. पॉन्टियाक कंपनीची १९६४ सालची 'जीटीओ' ही त्यातली एक गाजलेली मोटार. तिचं इंजिन ३२५ अश्वशक्तीचं! म्हणजे सव्वातीनशे घोडे एकदम जुंपल्यासारखेच की. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ती वाऱ्यासारखी धावे. पण १९७३ साली तेलाची टंचाई आली, पेट्रोल महागलं, आणि अशा खादाड गाड्या मागे पडल्या.

त्याच देशात त्याआधी एक छोटी गाडी जन्माला आली होती. १९४० साली युरोपात महायुद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या सैन्याला हवी होती हलकी, चिखलातून, डोंगरातून जाणारी गाडी. सैन्यानं १३५ कंपन्यांना विचारलं. अट काय, तर पहिला नमुना फक्त ४९ दिवसांत तयार पाहिजे! बॅन्टम नावाची एक छोटी, डबघाईला आलेली कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियरनं दोनच दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. पुढे मोठं काम मात्र विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांना मिळालं. युद्धात अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. हीच आपली जीप! विलीजच्या जीपची ताकद किती? फक्त ६० अश्वशक्ती.

मग ही साठ घोड्यांची गाडी चिखलात कशी चाले? साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती रुतली, की गाडी अडली. जीपमध्ये गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन लहान दांडे असत. एकानं चारही चाकांना जोर मिळे. मागची ढकलतात, पुढची ओढतात. दुसऱ्यानं गाडीचा वेग कमी होई, पण ओढ वाढे. डोक्यावर ओझं घेऊन चढ चढताना तुम्ही लहान लहान पावलं टाकता ना? तसंच.

ही जीप आपल्याकडे आणली महिंद्र बंधूंनी. १९४५ साली त्यांनी गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजचे सुटे भाग मुंबईत जोडून जीप तयार होऊ लागली. पुढे भागही इथेच बनू लागले. सैन्यानं वापरलेल्या जुन्या जीप लिलावातून खेड्यापाड्यांत आल्या.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या छोट्या गावातही एक होती. १९९८ चा पावसाळा. मी आठ वर्षांची. आईला रात्री कळा सुरू झाल्या. एस.टी. बंद, आणि डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर काळ्या मातीचा चिखल. बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुते, असा! शेजारच्या काकांनी जीप काढली. आजीनं आईचं डोकं मांडीवर घेतलं, मी कंदील धरला.

नाल्याला पाणी होतं. काकांनी गाडी थांबवली, खाली उतरून काठीनं पाणी मोजलं आणि चक्क अर्धा तास वाट पाहिली. आई कण्हत होती. मी रडत म्हटलं, "काका, जोरात चला ना!" ते म्हणाले, "भेऊ नको बाई. हयूहयू जाऊ, पण जाऊ."

पाणी ओसरलं. काकांनी दोन्ही दांडे ओढले. जीप गुरगुरली, माणसाच्या चालीनं निघाली. पण एकदाही अडली नाही. पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात माझा भाऊ जन्मला. आता तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे!

आज त्या रस्त्यावर डांबर आहे. जीपच्या वंशातली 'थार' नाशिकच्या कारखान्यात बनते आणि चांगली वेगानंही पळते. तिच्यावरून वर्गात वाद घाला, खुशाल घाला. पण एक प्रश्न विचारायला विसरू नका बरं का, की रस्ताच नसेल तिथे तुमची गाडी काय करील?

आणि तुमच्या वर्गात पाढे सावकाश म्हणणारा, पण एकही न चुकणारा एखादा मित्र असेल, तर त्याला मुळीच हसू नका. तो साठ घोड्यांचा गडी आहे!