उचकी

वस्तू बिघडते याचं माणसाला फारसं वाईट वाटत नाही. छत्रीची काडी, घड्याळाचा गजर आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध कधी ना कधी बिघडायचेच, हे आपण धरूनच चाललेलो असतो. खरं वाईट वाटतं ते वस्तू दुरुस्त झाल्यावर. मोडलेला भाग बदलला, पैसे मोजले, देवाला हात जोडून बटण दाबलं, आणि ती ढिम्म हलत नाही, तेव्हा! बिघडलेल्या वस्तूला निदान कारण तरी असतं. दुरुस्त होऊनही न चालणाऱ्या वस्तूला काय म्हणायचं?

२०१९ सालच्या जूनमध्ये आमच्या घरात अशा दोन गोष्टी होत्या. एक टीव्ही आणि दुसरी आत्या.

टीव्ही जुना, पोटाळ, पिक्चर ट्यूबचा. पहिल्या पावसात जवळच कुठेतरी वीज कडाडली आणि त्याने डोळे मिटले. आत्या त्याच्याहून जुनी, वय वर्षे एक्याऐंशी. एप्रिलमध्ये मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "हाड झकास जुळलंय. आता चालायला लागा." आत्या म्हणाली, "बघू." हे 'बघू' सहा आठवडे चाललं होतं. साठ वर्षं जी बाई पाय मुडपून बसलेली कुणी पाहिली नाही, ती आता कॉटवरून उठायला तयार नव्हती.

टीव्हीसाठी आमचे नेहमीचे रेडिओवाले आले. मी त्यांना 'नवाच घेऊ का' असं विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू आत्याच बदलून आणायची म्हणत होतो. त्यांनी मागचं झाकण काढलं. आतल्या मोठ्या कपॅसिटरला आधी एक रेझिस्टन्स टेकवून त्याचं पोट रिकामं केलं. "प्लग काढला म्हणजे हा मेला असं समजू नका साहेब. तीनशे व्होल्ट पोटात धरून गप्प बसतो."

जळालेल्यांची यादी लांबलचक निघाली. फ्यूज, डायोड, मॉस्फेट, त्याच्या पायाशी बसलेला छोटा रेझिस्टन्स आणि यूसी ३८४२ नावाची आठ पायांची आयसी. मॉस्फेट जाताना एकटा जात नाही, सोबतीला चार जणांना घेऊन जातो. सगळे नवे बसवले. शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. बल्ब क्षणभर भपकन पेटून मंद झाला. म्हणजे शॉर्ट नव्हता. बल्ब काढून थेट वीज दिली. टीव्ही मात्र सुरू झाला नाही. आतून नुसता आवाज येऊ लागला, टिक... टिक... टिक...

"उचकी लागली," रेडिओवाले खुशीत म्हणाले.

"कोण आठवण काढतंय?" आत्याने कॉटवरून विचारलं. सहा आठवड्यांत तिने केलेली ही पहिली चौकशी.

मग रेडिओवाल्यांनी जे सांगितलं, ते माझ्यासारख्या मराठी घेऊन बी. ए. झालेल्यालाही कळलं. घरातल्या २३० व्होल्टचे आत गेल्यावर सव्वातीनशे डीसी होतात. त्यांचे सेकंदाला हजारो तुकडे करून ते ट्रान्सफॉर्मरला भरवायचे, हे काम त्या आयसीच्या हुकमावरून चालतं. पण हुकूम सोडणाऱ्यालाही पोट आहे! सुरुवातीला एका मोठ्या रेझिस्टन्समधून तिला थेंब थेंब करंट मिळतो. तो एका लहान कपॅसिटरमध्ये साठतो. सोळा व्होल्ट झाले की आयसी जागी होते. एकदा कामाला लागली की मात्र थेंबांवर भागत नाही. तिने चालवलेला ट्रान्सफॉर्मरच मग आपल्या एका वेगळ्या गुंडाळीतून तिला जेवू घालतो. तोवर त्या लहान कपॅसिटरने तग धरायचा. तो सुकलेला असला, की व्होल्ट दहाच्या खाली येतात आणि आयसी पुन्हा झोपते. पुन्हा थेंब, पुन्हा जाग, पुन्हा झोप. ही उचकी.

"पण मग वीज पडायच्या आदल्या रात्रीपर्यंत चालत होता तो?" मी विचारलं.

"तुम्ही तो रिमोटने बंद करता. भिंतीवरचं बटण कधी बंद केलंत? आतली आयसी कायम जागीच. चालतं होतं तोवर सुकलेलं कळलं नाही. थांबला, तेव्हा कळलं. विजेने मोडलं ते मी केव्हाच बदललं. हे दुखणं आधीचं आहे."

कॉटवर एकदम शांतता पसरली.

"पुढं पुसट आवाज आला तर मला हल्ली ऐकू येत नाही," रेडिओवाले म्हणाले. "आजी, तुमचे कान तिखट दिसतात. जरा इथं येऊन बसा. टिक थांबली की सांगा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला. दारापर्यंत तिने माझं मनगट असं धरलं होतं, की बांगडीचा वळ उठावा. दारातून पुढे मात्र ती म्हणाली, "सोड आता. मला काय धरून नाचायचंय?"

रेडिओवाल्यांनी टीव्हीचा पुढचा संसार तोडून त्याच्या जागी साठचा बल्ब जोडला. तरी टिक चालूच. म्हणजे दोष पुढे नव्हता. मग गुंडाळीजवळचा डायोड तपासला. तो ठीक निघाला. शेवटी तो करंगळीच्या पेराएवढा कपॅसिटर बदलला. त्याची किंमत दोघांच्या चहापेक्षाही कमी होती. वीज दिली. एक टिक झाली आणि साठचा बल्ब शांतपणे उजळला.

"थांबली," आत्या म्हणाली, आणि चहा टाकायला स्वतःच स्वयंपाकघराकडे वळली. साखर जास्त पडली, पण कुणी बोललं नाही.

तेव्हापासून कुणी निवृत्त गृहस्थ 'आमचं काय, संपलं आता' असं म्हणाले, की मी वाद घालत नाही. तसाच जरा वेळ बसून राहतो. अगदीच काही ऐकू येत नसेल तर गोष्ट वेगळी. पण मधूनच पेपर महाग झाल्याची तक्रार आली, पेन्शनवर एखादी शिवी आली, समोरच्या पोराला 'चेंडू सरळ टाक' म्हणून ओरडणं झालं, की मला बरं वाटतं. मग मी त्यांच्याकडे काहीतरी काम काढतो. फार मोठं नाही, थेंबभर.