उपरण्याखालचा भाव

माल शेतकऱ्याचा, पण भाव ठरायचा उपरण्याखाली. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे. मालाचा धनी दोन पावलांवर उभा राहून त्यांच्या तोंडाकडं बघायचा. ह्याला हत्ता पद्धत म्हणायचे. उघड लिलावानं भाव लगेच वाढला असं नाही, पण निदान तो कानावर पडू लागला. आणि कानावर पडलं की माणूस तोंड उघडतो.

कांद्याच्या गाडीवर बसून मी वाशीला कैकदा गेलो. पुढं धाकट्या भावाची पोर तिथंच कॉलेजात शिकायला गेली. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचं सिन्नर होतं. सवलतींत एक कलम होतं, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. गावाकडं विहिरीनं तळ गाठलेला, अशा वेळी ती फी म्हणजे घरचा आठवड्याचा बाजार.

पोरीच्या गटानं हे कलम मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कँटीनजवळ चिकटवलं. संध्याकाळपर्यंत कागद गायब. परवानगी नव्हती म्हणे. पोर फोनवर म्हणाली, "नाना, कागद खोटा आहे असं कुणीच म्हणलं नाही." मग पोरांनी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं तवर फॉर्मची तारीख निघून गेली होती. दुष्काळी भागातल्या दोघा-तिघांनी फी भरून टाकली होती.

कॉलेजवाल्यांची भीती अगदीच पोकळ नाही. 1989 साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा ह्या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. 1994 च्या कायद्यानं थेट निवडणुका गेल्या. 2016 च्या कायद्यात त्या परत लिहिल्या, पण कागदावरून कॉलेजात उतरायला त्यांना वाट सापडेना. खाडीपलीकडं देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं ऑगस्ट 2024 मध्ये एका विद्यार्थी संघटनेवर बंदी घातली आणि नंतर उठवलीही.

बैल मारका निघाला तर आपण वेसण घालतो, औत मोडून चुलीत घालत नाही. मारामारी करणाऱ्याला धरा. भिंती घाण होत असतील तर एक फळा ठरवून द्या. कागदाखाली गटाचं नाव आणि तारीख लिहायला लावा. माहिती चुकीची असेल तर शेजारी खरी लावा. पण आधी परवानगी आणि मग खरं, असला क्रम नको. राज्यघटनेच्या 19 व्या कलमानं बोलायचा हक्क दिलाय. त्याला वाजवी बंधनं आहेत, मान्य. पण फीमाफीच्या कागदानं कुणाची शांतता मोडली?

मी दहावीपर्यंतच शिकलो. एवढं मात्र बाजारानं शिकवलं, की ज्याचा माल त्याला भाव कळलाच पाहिजे. कॉलेजात माल म्हणजे पोरांची वर्षं.