दगडातलं पान, बागेतला सायकस

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही जा, कुणी ना कुणी कातळाचा तुकडा हातात ठेवून विचारतं, ‘हे नेच्याचं पान ना?’ फटीत उमटलेली ती काळी नक्षी पानाची नसते. झिरपणाऱ्या पाण्यातून साठलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडची असते. रायगडचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मी ज्या पानांचा अभ्यास करतो ती याहून कितीतरी जुनी, कच्छच्या आणि झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांच्या थरांतली. दहा कोटी वर्षं तर त्यांनी केव्हाच ओलांडली.

त्यातलं सर्वांत ओळखीचं टिलोफायलम. कच्छच्या नमुन्यांवरून मॉरिस यांनी १८४० साली त्याला हे नाव दिलं. दिसायला ते थेट मुरुडच्या बंगल्यांपुढे लावतात त्या सायकससारखं: मधे दांडा, दोन्हीकडे अरुंद पर्णिका. भिंग लावल्यावर फरक कळतो. सायकसच्या पर्णिकेत एकच मधली शीर असते, टिलोफायलमच्या पर्णिकेत अनेक समांतर शिरा. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण अमेरिका खंडातल्या झामिया या जिवंत सायकाडलाही, म्हणजे सायकसच्याच गटातल्या झाडालाही, समांतर शिरा असतात.

निकाल लागतो तो पर्णरंध्रांवर. दगडावर पानाचा कोळसा झालेला थर शिल्लक असेल, तर तो नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटमध्ये मुरवायचा, मग सौम्य अल्कलीत धुवायचा. कांद्याच्या पापुद्र्यासारखी बाह्यत्वचा सुटून येते. सायकाडमध्ये रंध्राभोवती पेशींचं कडं असतं. टिलोफायलममध्ये रंध्राच्या दोन बाजूंना दोनच पेशी, आणि आसपासच्या पेशींच्या भिंती नागमोडी. म्हणजे हे सायकाड नव्हेच. बेनेटायटेलीझ हा वेगळा, आज नामशेष असलेला गट. बिरबल साहनी यांनी १९३२ साली राजमहालची विल्यम्सोनिया सेवर्डियाना उभी केली तेव्हा खोड, टिलोफायलमचं पान आणि फुलासारखा अवयव एकाच झाडाचे म्हणून जुळवले. भारतीय पुरावनस्पतिशास्त्रातलं इतकं देखणं काम मला दुसरं माहीत नाही.

खरे सायकाडही जुनेच, पर्मियन काळापासूनचे. मात्र आजच्या जाती जुन्या नाहीत. २०११ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या डीएनए-अभ्यासानुसार त्यातल्या बहुतेक गेल्या सव्वा कोटी वर्षांच्या आसपास घडल्या. त्यामुळे ‘जिवंत जीवाश्म’ हे बिरुद मला खटकतं. ते ऐकून वाटतं, डायनासोरही ज्याचं काही बिघडवू शकले नाहीत त्याला आता कसला धोका?

धोका आहे. पश्चिम घाटातला सायकस सर्सिनॅलिस आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे. तो अगदी सावकाश वाढतो, नर-मादी झाडं वेगळी असतात. थोडी झाडं गेली तरी बी धरणं अवघड होतं. म्हणून या दिवाळीत किंवा पुढच्या लग्नसराईत सजावटीला सायकसची पानं घ्याल, तेव्हा ती कुठली आहेत हे फुलवाल्याला जरूर विचारा. बागेतली असतील तरच घ्या, जंगलातली असतील तर नको म्हणा.